अवकाशातून मराठवाड्यात माणसाने केलेले बदल दिसतात का?
दिसतात की! सगळ्यात ठळक म्हणजे पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. सुमारे 400 किमी उंचीवरच्या अंतराळ स्थानकातून चीनची भिंत नुसत्या डोळ्यांनी शोधायची म्हटलं तर नाकी नऊ येतात, पण भरलेलं जायकवाडी सहज ओळखू येतं. धरण 1976 चं, त्याआधी तिथे गोदावरीचं पात्र आणि गावं होती.

लँडसॅट उपग्रह 1972 पासून, म्हणजे नेमक्या आपल्या मोठ्या दुष्काळापासून चित्रं घेतायत. ती फुकट मिळतात, जुनी-नवी शेजारी लावून बघाच. मांजरा धरणाचं एप्रिल 2016 चं चित्र काढा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तो उन्हाळा. निळ्याच्या जागी सगळं मातकट. भर मे महिन्यात आसपास हिरवेगार चौकोन दिसले, तर तो बहुतेक ऊस (यावर वाद घालायला बसलो तर रात्र पुरणार नाही).

बोअर मात्र फोटोत येत नाहीत. जमिनीखालचं पाणी किती घटलं ते ग्रेस उपग्रहांनी 2002 पासून गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकांवरून मोजलं, पण तो अंदाज मोठ्या प्रदेशाचा असतो. तुमच्या तालुक्याचा हिशेब त्यातून लागायचा नाही, त्यासाठी विहिरींची पातळीच मोजावी लागते.