ते पत्रक आधी चुलीत घाला

प्रश्न : ताई, आमची दर्यापूर तालुक्यात कोरडवाहू शेती. लग्नकार्य नाहीतर दवाखाना, याशिवाय आम्ही दोघं तीस वर्षांत कुठं गेलो नाही. औंदा लेक म्हणते, अंदमानला जाऊन या, खर्च माझा. तिनं एका एजंटचं पत्रक पाठवलं आहे. सहा दिवसांत तीन बेटं, अकरा ठिकाणं अन् रोज पहाटे पाचला तयार! मला गुडघ्याचा त्रास, अन् यांना नुसतं बसून समुद्र पाहायचा आहे. असं निवांत जाऊन येणं जमते का? कधी जावं? जेवणाचं कसं?
– एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : ताई, ते पत्रक आधी चुलीत घाला.

दोन वर्षांपूर्वी आम्हीही असंच एक पत्रक घेऊन गेलो होतो. विमानतळावरून थेट सेल्युलर जेल, तिथून बोटीनं रॉस बेट, अन् संध्याकाळी पुन्हा जेलमध्ये प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम. सावरकर 1911 ते 1921 जिथं होते ती जागा एकदा पाहायची, हे आमच्या घरचे कॉलेजात असल्यापासून म्हणत आले. कार्यक्रम सुरू झाला तर हे खुर्चीत घोरत होते. शेजारच्या बाईनं मला कोपर मारलं, मी यांना. जेलच्या पाकळ्यांसारख्या पसरलेल्या सात इमारतींतल्या तीनच आता उरल्या आहेत. त्या सकाळी, पोटभर झोप झाल्यावर पाहा. सावरकरांची कोठडी पार वरच्या मजल्यावर आहे. भाऊंना वर जाऊ द्या, तुम्ही खाली सावलीत बसा.

माझ्या मते बेट एकच धरा, स्वराज द्वीप. हे जुनं हॅवलॉक. 2018 साली नाव बदललं, पण बोटवाले अजून हॅवलॉकच म्हणतात. पोर्ट ब्लेअरचंही आता श्री विजयपुरम झालं आहे, तिकिटावर वेगळं नाव दिसलं तर घाबरू नका. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला, मधल्या चार स्वराज द्वीपवर अन् शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला. ही शेवटची रात्र कोणी कितीही सांगितलं तरी कापू नका. हवा बिघडली की बोटी बंद होतात, अन् विमान काही तुमच्यासाठी थांबत नाही.

जायचं ते चना निघाल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये. वावरही मोकळं अन् तिकडचा समुद्रही शांत. मे सरता सरता तिकडं पाऊस लागतो, तेव्हाचं स्वस्त पॅकेज घेऊ नका. बडनेऱ्याहून हावड्याला थेट गाडी आहे. एक रात्र कोलकात्यात मुक्काम करा, मग सकाळचं विमान, दोन-सव्वादोन तासांचं. कोलकात्याहून जहाजही जाते, पण त्याला तीनेक दिवस लागतात. गुडघे घेऊन त्या फंदात पडू नका.

पोर्ट ब्लेअरहून बेटावर खासगी बोट दीड-दोन तासांत नेते. सरकारी बोट स्वस्त, पण वेळ जास्त घेते. बसायला मधली जागा मागा. पोटात थोडं काही असू द्या, पण सकाळीच तळलेलं नको. मी नाश्त्याला चार पुऱ्या खाऊन बसले होते, पुढचं सांगत नाही.

बेटावर काय करायचं? काहीच नाही. राधानगरच्या किनाऱ्यावर दुपारी चारला जाऊन बसा. रेती पिठासारखी बारीक, पांढरी. दिवस आपल्यापेक्षा तासभर आधी मावळते, मार्चात साडेपाचच्या सुमारास. सहाला निघालात तर अंधारच पाहाल. अंधारात पाण्यात मात्र उतरायचं नाही. तिकडं खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पाट्या लावलेल्या असतात, त्या वाचा.

राहायला विजयनगरच्या बाजूला घ्या. तिथं ओहोटीला पाणी दोन वावरं मागं सरकते, अन् उरलेल्या डबक्यांत नखाएवढे खेकडे तिरपे पळत असतात. मी पातळ खोचून तासभर तेच पाहत होते. किनाऱ्यावर पाण्याकडं झुकलेली मोठमोठी झाडं आहेत. नाव विचारलं तर म्हणे, समुद्री मोहा! मी लगेच खाली फुलं शोधायला लागले. आपला मोह वेगळा, पण दोघंही चिकूच्याच कुळातले. तुम्ही तर खारपाणपट्ट्यातल्या, खाऱ्या पाण्याचं कवतिक तुम्हाला काय सांगावं. पण हे खारं पाणी पाहून भाऊ शिव्या देणार नाहीत.

जेवणाची चिंता नको. हे बेट फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांनी वसवलं, म्हणून गावांची नावंही राधानगर, गोविंदनगर, विजयनगर. भात, डाळ, मासे अन् वांगंसुद्धा मिळते. आम्ही एका बंगाली बाईच्या घरी उतरलो होतो. ती वांग्याचे जाड काप हळद-मीठ लावून मोहरीच्या तेलात तळायची. यांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी दुसऱ्यांदा मागून घेतले. भाकर मात्र मिळणार नाही. जवसाची चटणी अन् थोडे मुरमुरे सोबत ठेवा.

परवाना-बिरवाना आपल्याला लागत नाही, आधार कार्ड पुरे. पैसे रोख थोडे जास्त ठेवा. मोबाइलला रेंज कधी येते, कधी जाते. आमच्या घरचे रोज सकाळी हात वर करून फिरायचे, अकोल्याचा तुरीचा भाव पाहायला. तुम्ही भाऊंचा फोन आपल्या पिशवीत ठेवा.

अन् शिंपले, प्रवाळ काही उचलू नका, बंदी आहे. मी नातवासाठी रुमालात बांधून आणलेले सतरा शिंपले विमानतळावर काढून घेतले. बरोबरच होतं त्यांचं. पोरगं मात्र अजून विचारते, आजी, शिंपले कुठं आहेत.