पहिली फँटसी कादंबरी घेताय? आधी क्रम बघा

भाऊ, थेट १४ खंडांच्या मालिकेला हात घालू नका. पन्नास पानांतच नावांची खिचडी होते. टॉल्किनचं १९३७ सालचं ‘द हॉबिट’ घ्या, एकाच पुस्तकात गोष्ट संपते. नागपूरच्या बर्डी बाजारात सेकंडहँड घेताना नकाशाचं पान उघडून बघाच, नेमकं तेच फाटलेलं असतं.

सी. एस. लुईसच्या ‘नार्निया’ मालिकेत मोठी गोम आहे. नव्या आवृत्त्यांत १ आकडा ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’वर असतो, पण तो १९५५ साली आलेला सहावा भाग! नार्नियात नेणाऱ्या जादूच्या कपाटाचं रहस्य त्यात आधीच फुटतं. सुरुवात १९५०च्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’नेच करा.

आणि कट्ट्यावर मत देताना आधी सांगा, ‘नवव्या प्रकरणापर्यंत आलोय’. नाहीतर कोणीतरी शेवट सांगून मोकळा होतो.