रविवारी वही न उघडणारा मुलगा

"ताई, चार महिने झाले, दर रविवारी बालगृहात शिकवायला जातेय. बाकीची मुलं जमेल तसं करतात. पण एक जण वही समोर ठेवून नुसता बसतो. मला शिकवता येत नाही का? की त्याला शिकायचंच नाही? मी थांबू का?"

गेल्या वर्षी डिसेंबरात अनुजाने मला हे विचारलं. हाच प्रश्न थोड्याफार फरकाने मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. कधी निवृत्त शिक्षक विचारतात, कधी कॉलेजातली मुलं, कधी नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी येणारी तरुण मंडळी. सगळी मनापासून आलेली असतात आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खचतात. त्यांच्यासाठी ही हकिकत लिहिते आहे. नावं, गाव, ओळख पटेल असे तपशील बदललेत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी केली नसती.

मुलाला आपण सोपान म्हणू. वय अकरा, शाळेत पाचवी. बीडकडचा. वडील वारले. आई ऊसतोडीला जाते, आता दुसऱ्याच्या जोडीला कोयता धरून. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं ते मार्च-एप्रिलपर्यंत. मुलगा बरोबर जायचा. उसाच्या फडाशेजारी कोपी, म्हणजे पाल्याची झोपडी, पाचटात खेळायचं, धाकट्यांना सांभाळायचं, मोळ्या गाडीपर्यंत ओढायला मदत करायची. पटावर नाव गावच्या शाळेत, आणि पोर शंभर कोसांवर. दुसरी, तिसरी, चौथी अशी निम्मी निम्मी हुकली. कुठल्या मुलाला बालगृहात ठेवायचं ते बाल कल्याण समिती ठरवते; शेवटी आईनेच तिच्यापुढे सांगितलं, पोराला कुठंतरी ठेवा, निदान शिकेल तरी. हे मुद्दाम सांगते, कारण बालगृह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अनाथ मुलं येतात. आमच्याकडच्या बहुतेक मुलांना आई किंवा वडील, निदान आजी तरी आहे. कुणाची तरी वाट बघणारी मुलं आहेत ही.

शिक्षण हक्क कायद्याने त्याला वयाप्रमाणे पाचवीत बसवलं, ते योग्यच झालं. मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही त्याच कायद्याने, त्याच कलमाने दिला आहे. प्रवेश एका दिवसात होतो. विशेष प्रशिक्षण मात्र बऱ्याचदा कागदावरच राहतं. आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं, त्यामुळे अधीक्षकांना घाई होती. म्हणून अनुजाच्या हाती पाचवीचं गणित आलं. अपूर्णांक.

मी आधी वही बघितली. सोपानचं अक्षर फार सुंदर. फळ्यावरची तारीख, सुविचार, धड्याचं नाव, सगळं जसंच्या तसं, खाडाखोड नाही. त्यातलीच एक ओळ मी त्याला वाचायला सांगितली, तर म्हणाला, "डोळे दुखतात." मग पाणी प्यायला गेला तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी खेळता खेळता तपासलं. अक्षरं येत होती, काना-मात्रेचे सोपे शब्द अडखळत येत होते, जोडाक्षर आलं की थांबायचा. म्हणजे मूल शब्दाच्या पायरीवर उभं, आणि आपण त्याच्यापुढे अपूर्णांक मांडतोय. जे वाचता येत नाही ते चित्रासारखं उतरवून काढायचं, हे त्याने स्वतःचं स्वतः शोधलं होतं. पन्नास मुलं एका सतरंजीवर आणि एक काळजीवाहक मामा असा अभ्यासाचा तास असतो. त्यात ही वही बघून कुणालाही वाटावं, पोरगं हुशार आहे.

मी अनुजाला म्हटलं, अपूर्णांक ठेव बाजूला, शब्दांपासून घे, गोष्टीची छोटी पुस्तकं आण. तिने आणली. तीन रविवार गेले. सोपान तसाच.

इथे चूक माझी होती. मी वाचन तपासलं, पाटी बदलली, पण रविवार तपासला नव्हता.

जानेवारीत दुसऱ्याच कामासाठी मी एका रविवारी तिथे होते. अनुजाचा वर्ग अकराला, व्हरांड्यात. भेटीची वेळ दहा ते एक. मामा फाटकाशी उभे राहून नाव पुकारायचे, "अमक्याची भेट!" ते मूल उठून पळत जायचं. सोपान खांबाला टेकून बसला होता, फाटक दिसेल असा. प्रत्येक हाकेला त्याची मान वर व्हायची. नाव दुसऱ्याचं निघालं की खाली. दीड तासात मी सात वेळा मोजलं. आई दिवाळीपासून कर्नाटकात फडावर होती, ती येणं शक्य नव्हतं. त्याला ते माहीत होतं. तरी मान वर व्हायचीच.

अनुजालाही मी त्याच खांबाजवळ बसवून घेतलं, तोंडाने काही सांगितलं नाही. दोन हाका झाल्यावर तिनेच वही मिटली.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. वर्ग बुधवारी संध्याकाळी साडेपाचला नेला. अनुजाला त्यासाठी ऑफिसात विनवण्या कराव्या लागल्या, पण तिने जमवलं. आणि रविवार मोकळा ठेवायचा नाही असं ठरवलं. त्याच्या आईशी बोलून दर रविवारी सकाळी दहाला कार्यालयाच्या फोनवर तिचा फोन येईल अशी व्यवस्था अधीक्षकांनी केली. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या फोनवरून, टोळीतल्या कुणाच्या फोनवरून, कधी पाच मिनिटं, कधी दोनच. एखाद्या रविवारी आला नाही तर मामांनी त्याला स्वतःहून जाऊन सांगायचं, "आज लागला नाही, पुढच्या रविवारी." एवढ्यानं मूल फाटकाकडे बघायचं थांबलं नाही, पण दिवसभर बघायचं थांबलं.

बालगृहात शिकवायला जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं म्हणूनच अभ्यासाबद्दल नसतं. अधीक्षकांना विचारा, भेटीचा दिवस कोणता आणि कुठल्या मुलाला समितीपुढे कधी जायचंय. तारखेच्या आदल्या दिवशी कुणाचंच पाढ्यांत लक्ष लागत नाही. आणि मुलाला घरचं विचारू नका. तो सांगेल तेव्हा ऐका.

आता उपक्रमांचं. पन्नास मुलांच्या बालगृहाच्या पदरचनेत शिकवणारा, कला-संगीताचा शिक्षक आणि व्यायाम-योगाचा शिक्षक ही पदं असतात, पण अर्धवेळ. उरलेली जागा बाहेरून येणारे लोक भरतात. वाढदिवस साजरे करायला येतात, केक आणतात, मुलांना गाणी म्हणायला लावतात, फोटो काढतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण मुलं काय शिकतात, तर आलेल्या पाहुण्यांसमोर कसं हसायचं. मी एका आठवड्यात तीन केक कापलेले बघितलेत, आणि त्याच आठवड्यात एकाही मुलाशी कुणी सलग अर्धा तास बोललेलं नाही. हे बघताना माझा जीव तुटतो. खरं तर एकच माणूस, ठरल्या वारी, ठरल्या वेळी, हातात साधा कागद घेऊन आला तरी पुरतं.

आमच्या हस्तकलेच्या बाई तशा येतात. फेब्रुवारीत त्या रंगीत पट्ट्यांची फुलं करून घेत होत्या. सोपानने फूल केलं नाही. दोन हिरव्या पट्ट्या घेतल्या, तळव्यांत धरून पीळ दिला, टेबलावरचे खडू गोळा केले, त्यांना तो पीळ गुंडाळला आणि टोक आत खोचलं. घट्ट. उलटं धरून हलवलं तरी एक खडू निसटला नाही. बाईंनी विचारलं, हे काय? "मोळी." फडावर वाढ्याने, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याने मोळी बांधतात, तशी.

बाईंनी ती मोळी बुधवारपर्यंत जपून ठेवली आणि अनुजाला दाखवली. दुसऱ्या कुणी कौतुक करून सोडून दिलं असतं. अनुजाने पुढच्या बुधवारी झाडूच्या काड्यांचा ढीग आणला. म्हणाली, "एका मोळीत दहा काड्या. बांध." त्याने सात मोळ्या बांधल्या, चार काड्या उरल्या. "किती झाल्या?" त्याने मोजलं नाही, लगेच म्हणाला, "चौऱ्याहत्तर." मग दहा मोळ्यांची एक मोठी मोळी. मग वजाबाकीत मोळी सोडायची. हातच्याची वजाबाकी त्याला कुणी तोवर समजावली नव्हती. मोळी सोडून काड्या सुट्या करायच्या म्हटल्यावर त्याला ती एका संध्याकाळी समजली, आणि मग शेजारच्या दोघांना त्यानेच शिकवली.

वाचनाचं गणितासारखं झालं नाही. ते रखडत आलं. त्यात एक प्रसंग असा की मी आणि अधीक्षकांनी त्यावर दोन दिवस विचार केला. आईकडे एक छोटी डायरी होती. खेपेला किती टन भरले ते मुकादम त्यात लिहायचा, उचलीतून, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांतून किती वळते झाले तेही. तिला वाचता येत नाही. एका रविवारी ती फोनवर म्हणाली, पानाचा फोटो पाठवते, सोप्याला वाचायला सांगा. आता अकरा वर्षांच्या मुलाने आईच्या डोक्यावरच्या उचलीचा हिशेब वाचावा का? मला भीती वाटली, त्याच्या डोक्यावर नको ते ओझं येईल. पण नाही म्हणणं म्हणजे आईला त्याचा एकमेव उपयोग नाकारणं, आणि त्याला आईच्या उपयोगी पडण्याचा आनंद. शेवटी ठरवलं, टनांचे आकडे आणि तारखा त्याने वाचायच्या. उचलीचं बोलणं आई आणि अधीक्षक करतील. तो फोन कानाला लावून एकेक ओळ वाचत होता, "बारा तारीख, गाडी एक..." जोडाक्षराला अडला, थांबला, पुन्हा मागे गेला आणि वाचलं. 'डोळे दुखतात' हे तेव्हापासून मी त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. आमचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता असं मी म्हणणार नाही. दुसरं मूल असतं तर कदाचित वेगळं ठरवलं असतं.

मे महिन्यात समितीच्या परवानगीने तो सुट्टीला गावी जाऊन आला. सहावीत गेला. आणि जूनमध्ये अनुजाची हैदराबादला बदली झाली.

तिला वाटत होतं, शेवटच्या दिवशी सांगावं, उगाच आधीपासून रडारड नको. मी ठाम नाही म्हटलं. या मुलांच्या आयुष्यातली बहुतेक माणसं न सांगता गेलेली असतात. पाच आठवडे आधी सांगितलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाच बुधवार गोल केले, दर वेळी एक खोडला. "मी येत राहीन" असं म्हणायचं नाही, हेही तिच्याकडून कबूल करून घेतलं, कारण येणं जमणार नव्हतं. शेवटच्या तीन बुधवारी नवा दादा तिच्याशेजारी बसला.

सोपान चिडला. चौथ्या बुधवारी आलाच नाही. शेवटच्या दिवशी आला, पण व्हरांड्याच्या पायरीवर पाठ करून बसला. अनुजा रडत माझ्याकडे आली, "ताई, मी आलेच नसते तर बरं झालं असतं." मी तिला सांगितलं ते इथेही लिहिते. जो नातं मानतो तोच रुसतो. डिसेंबरातला सोपान तू गेलीस तरी मान वर करून बघणारा नव्हता. रुसव्याला घाबरू नकोस, त्याला समजावतही बसू नकोस, फक्त शेवटपर्यंत वेळेवर ये आणि वेळेवर जा. ती तासभर बसली, बाकीच्यांना शिकवलं, जाताना पायरीवर काड्यांची पिशवी ठेवली. ती पिशवी त्याने आत नेली.

नव्या दादाकडे तो दोन आठवडे गेला नाही. तिसऱ्या बुधवारी गेला आणि विचारलं, "तुम्ही किती महिने येणार?" दादाने खरं उत्तर दिलं, "मार्चपर्यंत नक्की."

म्हणून थांबू का, असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारते, किती महिने नक्की येऊ शकाल? सहा म्हणालात तर सहाच सांगा. पोलीस पडताळणी करून घ्या, बंद खोलीत एकट्या मुलाला घेऊन बसू नका, फोटो काढू नका. मूल कितवीत आहे हे बाजूला ठेवून ते खरोखर कुठल्या पायरीवर आहे ते बघा. आणि वही उघडली नाही तर शिकवण्याला दोष देण्याआधी ते मूल कुठे बघतंय ते बघा.

सप्टेंबरअखेर सोपानची आई आली. नवा हंगाम जवळ आला होता, मुकादमाने उचल दिली होती. सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, त्यावर तो आजीकडे राहू शकेल का, याचा अर्ज आता समितीपुढे आहे. आजीची तब्येत बरी नसते, त्यामुळे या वर्षी तरी तो इथेच. मी तिला फोनचं वेळापत्रक पुन्हा समजावून सांगत होते. या वेळी तिच्याकडे स्वतःचा साधा फोन होता. म्हणाली, मधल्या वारी पण करीन एखादा, बुधवारी आमची गाडी लवकर भरती.

"बुधवारी साडेपाचला त्याचा वर्ग असतो," मी म्हटलं.

तिने पदराने फोनची काच पुसली. "मंग बुधवारी न्हाई करीत. रविवारीच करते."