हमी 10 वर्षांची, कर्ज 15 वर्षांचं

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीन मजली व्यापारी इमारतीच्या जुन्या खिडक्या काढून चारही बाजूंना काच लावायची, त्यासाठी 15 वर्षांचं कर्ज काढायचं आणि आगाऊ रक्कम निवृत्तीच्या पैशातून द्यायची, असा तुमचा बेत आहे. माझं मत आधीच सांगते: चारही बाजू नकोत, आणि निवृत्तीच्या पैशाला तर हातही लावू नका.

हिशेब तुमच्याच आकड्यांचा. खर्च 100 धरला, तर वाढीव भाडं वर्षाला 6 आणि विजेची बचत 2, म्हणजे हाती येतात 8. कर्जाचा दर 10 टक्के. सगळाच खर्च कर्जातून केला, तर पहिल्या वर्षी नुसत्या व्याजातच 10 च्या आसपास जातील, मुद्दल वेगळंच. त्यातही एकही गाळा रिकामा राहणार नाही, असं तुम्ही गृहीत धरलंय.

मला त्याहून जास्त काळजी वाटते ती काचेच्या कडेची. दुहेरी काचेत दोन काचांमध्ये पट्टी असते, पट्टीत ओलावा शोषणारे दाणे आणि कडेने सीलंट, म्हणजे फट बंद करणारा चिकट थर. काच वर्षानुवर्षं टिकते, झिजतं ते सीलंट. ते सुटलं की बाष्प आत शिरतं. एका इमारतीत मी असं तावदान स्वतः पुसून पाहिलंय. आतून पुसलं, बाहेरून पुसलं, धूसरपणा काही जाईना, कारण तो मधल्या पोकळीत होता. मग अख्खं तावदानच बदलावं लागतं, वर टांगत्या पाळण्याचा किंवा क्रेनचा खर्च. बॉस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरच्या काचा 1973 साली पडू लागल्या, तेव्हाही दोष कडेच्या जोडातच निघाला. शिशाचा सांधा फार ताठ होता. शेवटी सगळीच्या सगळी 10,344 तावदानं बदलावी लागली.

तुमच्या कोटेशनमध्ये हमी 10 वर्षांची आहे. म्हणजे शेवटची 5 वर्षं हप्ताही तुम्हीच भरायचा आणि काच बिघडली तर तोही भुर्दंड तुमचाच.

म्हणून फक्त दर्शनी बाजू करा. दुपारचं ऊन तिथेच येतं आणि भाडेकरूच्या नजरेत भरते तीही हीच. काचेतून किती उष्णता आरपार जाते ते यू-मूल्य सांगतं, जितकं कमी तितकं चांगलं. एकेरी काचेचं ते 5.7 च्या आसपास असतं, साध्या दुहेरीचं 2.8, लो-ई लेप (उष्णता परतवणारा पातळ थर) आणि पोकळीत आर्गॉन वायू असेल तर 1.2 पर्यंत उतरतं. पण उन्हाच्या बाजूला खरा प्रश्न ऊन किती आत येतं हा. साध्या काचेचा सौर उष्णता गुणांक, म्हणजे उन्हाच्या उष्णतेचा आत येणारा हिस्सा, 0.8 च्या घरात जातो, आणि तुमच्या स्वस्त कोटेशनमध्ये हा आकडाच नाही. विजेची बचत 2 धरलीत ती याच आकड्यावर उभी आहे, तेव्हा तो लेखी मागा. टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच आत राहिलेल्या निकेल सल्फाइडच्या बारीकशा कणामुळेही अचानक फुटू शकते. हीट सोक चाचणी (अशा सदोष काचा आधीच फुटाव्यात म्हणून त्या भट्टीत तापवून पाहणं) केलीय का आणि अशी फूट हमीत बसते का, तेही विचारा.

एका बाजूचा खर्च तुमच्या मुदत ठेवीतून बराचसा भागेल. उरलेल्यासाठी कर्ज घ्यायचंच असेल, तर 7 वर्षांचं घ्या. हमी संपण्याआधी ते फिटलेलं असेल.