गणितात मार्क कमी पडले? विषय सोडण्याआधी हे वाचा

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढचे तीन आठवडे माझ्याकडे येणारी बहुतेक पत्रे एकाच वाक्याने सुरू होतात : ‘सर, बाकी सगळं चांगलं आहे, पण गणितात...’ मी बरीच वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवले, आता प्रवेशाबद्दल मार्गदर्शन करतो. गोंधळ दरवर्षी तोच असल्यामुळे यंदाची काही पत्रे इथेच घेतो.

मुलीला दहावीला ८२ टक्के आहेत, गणितात मात्र ४१. अकरावी सायन्स मिळेल का? (एक आई, सातारा)

मिळेल. अकरावीचा प्रवेश एकूण टक्क्यांवर होतो आणि राज्य मंडळात ती टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांची असते. तुम्हाला हव्या असलेल्या कॉलेजचा गेल्या वर्षीचा कटऑफ पाहा आणि पसंतीक्रम भरण्याआधी शाळेतल्या शिक्षकांना दाखवा.

आता गणितात २० मार्कांना पास करतात ना? मग मुलगा नापास कसा? (एक पालक, बीड)

पास होण्यासाठी साधारणपणे ३५ लागतात. २० मार्कांची चर्चा २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने झाली. २० मार्कांवर पास झालेला विद्यार्थी पुढे गणित-विज्ञानाकडे जाणार नाही, अशी अट त्या प्रस्तावातच होती. व्हॉट्सअॅपवर आलेला निरोप म्हणजे मंडळाचे परिपत्रक नव्हे. मुख्याध्यापकांना विचारा.

गणितात २९ मार्क, बाकी सगळे विषय सुटले. पेपर पुन्हा तपासून घ्यावा, पुरवणी द्यावी की एटीकेटीवर अकरावी करावी? (विद्यार्थी, परभणी)

तिन्ही वाटा खुल्या आहेत, मात्र प्रत्येकीची मुदत वेगळी आहे आणि पोरे तिथेच चुकतात. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. ती हातात आली की गणिताच्या शिक्षकांसोबत बसून एकेक पान पाहा आणि मग ठरवा. नुसत्या आशेवर अर्ज करू नका. पुरवणी परीक्षेचा फॉर्म मात्र आजच भरा, पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची वाट पाहत थांबू नका. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला बसता येते, पण राहिलेला विषय दिलेल्या संधींतच सोडवावा लागतो. ‘मार्चमध्ये बघू’ म्हणणाऱ्या मुलांवर अकरावीचा अभ्यास आणि दहावीचे गणित एकदमच कोसळते. शाळेत उद्याच जा.

बारावीत गणितात ३८, फिजिक्स ५२, केमिस्ट्री ५५. सीईटीत (राज्याच्या प्रवेश परीक्षेत) ९१ पर्सेंटाइल. इंजिनीअरिंग गेलं का? (विद्यार्थिनी, नाशिक)

नाही. तीन विषयांची बेरीज १४५, म्हणजे ४८ टक्क्यांहून थोडे जास्त. राज्यातल्या इंजिनीअरिंग प्रवेशाला खुल्या प्रवर्गासाठी तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गासाठी ४०. तुम्ही पात्र आहात. गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, बोर्डाचे ३८ त्यात मिळवले जात नाहीत. जेईईमधून एनआयटी किंवा आयआयटी हवी असेल तर गोष्ट वेगळी : तिथे बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा मंडळाच्या पहिल्या वीस पर्सेंटाइलमध्ये असणे ही अट आहे. कागदपत्रे घेऊन सुविधा केंद्रावर जा.

मुलाला दहावीला गणितात ४६. क्लासवाले म्हणतात, गणित सोडून बायोलॉजी घ्या, टक्के वाढतील. सोडू का? (वडील, सोलापूर)

या एका प्रश्नावर मी थोडा लांब बोलणार आहे, कारण निकालानंतरचे सगळ्यात मोठे नुकसान इथेच होते. ४६ मार्कांनी कुठलेही दार बंद होत नाही. अकरावीच्या फॉर्मवर गणितासमोरची खूण काढली की दारे बंद होतात. तो निर्णय बहुतेक घरांत कॉलेजच्या खिडकीपाशी, रांगेत उभे राहून, मागच्याच्या सांगण्यावरून दहा मिनिटांत होतो.

काय बंद होते ते पाहा. इंजिनीअरिंगची पदवी गेली. आर्किटेक्चर गेले, कारण तिथे बारावीला फिजिक्स आणि गणित लागतेच. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) लष्कराच्या शाखेला बारावी कुठल्याही शाखेतून चालते, पण नौदल आणि हवाई दलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित हवे. लष्करासाठीसुद्धा लेखी परीक्षेत गणिताचा ३०० मार्कांचा पेपर आहेच. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचे तर प्रवेश परीक्षेत गणित द्यावे लागते. सोळा वर्षांच्या मुलाला यातले काय हवे आहे, हे जूनमध्ये त्यालाही ठाऊक नसते.

गणित सोडणे चूकच, असे मी म्हणत नाही. मुलाला मनापासून वैद्यकीयकडे जायचे असेल तर ‘नीट’ या प्रवेश परीक्षेला गणित लागत नाही, फार्मसीलाही बायोलॉजी चालते. पण ‘मार्क कमी आले म्हणून’ हे कारण पुरेसे नाही. आणि क्लासचा सल्ला घेताना त्या क्लासची कुठली बॅच अजून भरलेली नाही, हे जरूर विचारा. झेपत असेल तर गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेवा, वर्षभरात कल कळतो.

त्याआधी ४६ का आले ते शोधा. मागे एका मुलीची उत्तरपत्रिका तिच्या आईने माझ्यासमोर ठेवली होती. भूमितीची प्रमेये नीट लिहिलेली, रचना स्वच्छ, कंपासची खूणसुद्धा पुसलेली नाही. बीजगणितात मात्र समीकरण अचूक मांडायची आणि सोडवताना गडबडायची. चौथ्या पानावर १/२ + १/३ बरोबर २/५ लिहिले होते. अपूर्णांकांची बेरीज तिला सहावीपासून येत नव्हती आणि दहावीपर्यंत ते कुणाच्या लक्षात आले नाही. सहावी-सातवीची पुस्तके काढून दीड महिना रोज एक तास बसवले, तेव्हा अकरावीचे गणित तिला समजायला लागले. तिला ‘गणित जमत नाही’ असा शिक्का मारून बायोलॉजीला पाठवले असते तर? डोस काढायलाही अपूर्णांक लागतातच.

म्हणून फॉर्म भरण्याआधी दहावीचे गणिताचे शिक्षक, मुलगा आणि तुम्ही, तिघे एकत्र बसा. क्लासवाल्याला त्या बैठकीला बोलावू नका. सीईटीत गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी दोन मार्क असतात, फिजिक्स आणि केमिस्ट्रीला एकेक. इंजिनीअरिंगचा विचार असेल तर ही कच्ची जागा अकरावीच्या पहिल्या सत्रातच भरून काढावी लागेल.

एक जण ५० हजार आगाऊ मागतोय. म्हणतो, गणितात मार्क नसले तरी मॅनेजमेंट कोट्यातून सीट देतो. (पालक, जळगाव)

देऊ नका. संस्थास्तरावरच्या, म्हणजे मॅनेजमेंट कोट्याच्या, जागांनाही किमान पात्रता लागू असते आणि अपात्र प्रवेशाला मान्यता मिळत नाही. पैसे भरायचे तर कॉलेजच्या खात्यात, पावती घेऊन. शंका असेल तर सीईटी कक्षाचे माहितीपत्रक वाचा आणि सुविधा केंद्रावर विचारा.

कॉमर्सला गणित घ्यावं की एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस)? सीए करायचं आहे, पण गणित कच्चं आहे. (विद्यार्थिनी, ठाणे)

गणित घ्या. सीएला ते सक्तीचे नाही, पण फाउंडेशन या सीएच्या पहिल्या परीक्षेत गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा १०० मार्कांचा पेपर आहे. त्यात किमान ४० हवेत आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापला जातो. कॉलेजच्या कॉमर्सच्या प्राध्यापकांशी एकदा बोला.

मुलगा नववीत आहे. आकडे उलटे लिहितो, पाढे टिकत नाहीत, बाकी हुशार आहे. शाळा म्हणते, आळशी आहे. (आई, कल्याण)

आळशी म्हणण्याआधी तपासणी करून घ्या. हे डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे गणिताची अध्ययन अक्षमता असू शकते. पत्रावरून मी निदान करणार नाही, कुणीही करू नये. अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे आणि मंडळ अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देते. त्यासाठी अधिकृत प्रमाणपत्र लागते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते. अशा ठिकाणी वेळ मिळायला महिने जातात, तपासणी एका भेटीत संपत नाही आणि दहावीचा परीक्षा अर्ज दिवाळीच्या सुमारास भरला जातो. आई दहावीच्या जानेवारीत माझ्याकडे येते तेव्हा माझ्या हातात फारसे काही उरलेले नसते. तुमचा मुलगा अजून नववीत आहे. या आठवड्यातच फोन करून वेळ घ्या आणि शाळेला तसे लेखी कळवा.