बागेतला आडोसा

प्रश्न : घरामागच्या छोट्या बागेत बसले की शेजारच्या वरच्या मजल्यावरून सारे दिसते. कुंपणाची भिंत उंच करावी का?

उत्तर : करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वरून येणारी नजर तिरकी असल्याने ती उंच भिंतीवरूनही आत पोहोचते. छोट्या बागेतला उजेड आणि वारा मात्र नक्की अडतो. आडोसा हद्दीवर करण्याऐवजी बसण्याच्या जागेजवळ करावा. तेथे मांडव घालून त्यावर सदाहरित वेल चढवल्यास नजर अडते आणि सावलीही मिळते. समोरच्या बाजूने, बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर असतात हे लक्षात घेता, आसनालगत दीड मीटर उंचीची मधुकामिनीची रांग बहुधा पुरते. बांबू लवकर वाढतो, पण बेटाने वाढणारीच जात निवडावी, कारण पसरणाऱ्या जातीचे कोंब शेजाऱ्यांच्या अंगणातही उगवतात (आणि मग खासगीपणाचा नव्हे, शेजारधर्माचा प्रश्न उभा राहतो). झुडपांची छाटणी करताना तळ रुंद व माथा अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळून रांग बुंध्याशी विरळ होत नाही.