विलीनीकरणाला मत द्या, पण अटी आधी कागदावर घ्या

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतली तुमची छोटी स्थानिक रिअल्टर असोसिएशन (घरं विकणाऱ्या एजंटांची संघटना) शेजारच्या काउंटीतल्या मोठ्या असोसिएशनमध्ये विलीन करायची का, आणि एमएलएस (विक्रीच्या घरांची एजंटांची सामायिक यादी) मिळत असेल तर बाकीची वर्गणी भरायचीच कशाला? ब्रोकर म्हणून आणि असोसिएशनच्या समित्यांवर बसून जे पाहिलं, त्यावरून सांगते.

एमएलएसचा विचार वेगळा करा. ती माहितीची सोय आहे आणि तिचा पसारा जेवढा मोठा तेवढा बरा. एकच घर दोन ठिकाणी भरायचं आणि दोन्हीकडे पैसे मोजायचे, यात कुणाचंच भलं नाही. अलाबामा, फ्लोरिडा आणि जॉर्जियात तर थॉम्पसन खटल्यातल्या १९९१च्या कोर्टाच्या निकालापासून असोसिएशनचं सभासद न होताही तिची एमएलएस वापरता येते. म्हणजे तिथे असोसिएशनला आपली किंमत इतर कामातूनच दाखवावी लागते.

ती किंमत कमिशनच्या भांडणात कळते. खरेदीदार एका एजंटबरोबर घर पाहतो आणि ऑफर दुसऱ्याकडून देतो. कमिशन कुणाचं? नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सच्या आचारसंहितेच्या १७व्या कलमानुसार वेगवेगळ्या फर्मच्या रिअल्टरांमधले असे वाद असोसिएशनच्या लवादापुढे जातात. पॅनेलवर बसलेली माणसं रोज हाच धंदा करणारी. घराशी पहिली गाठ कुणी घालून दिली, मधे संपर्क का तुटला, दुसरा एजंट कुठून आला, हे ती बरोबर विचारतात. कोर्टाचा खर्च वाचतो. पण लहान असोसिएशनची दुखरी जागाही हीच. पॅनेलवर बसवायला जो मिळतो तो एकाच्या ऑफिसातला, नाहीतर दुसऱ्याचा भागीदार. मी विलीनीकरणाच्या बाजूने आहे ती मुख्यतः यासाठी. (इतर असोसिएशनांशी फक्त लवादापुरता करारही करता येतो. घाई नसेल तर तिथून सुरुवात करा.)

दुसरं कारण कामाचा बोजा. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सने २०१४मध्ये स्थानिक असोसिएशनांना किमान निकष लावले, आणि एकदोन कर्मचाऱ्यांवर चालणाऱ्या कित्येक कचेऱ्यांना ते झेपेनात. त्यात १७ ऑगस्ट २०२४पासून एमएलएसमध्ये खरेदीदाराच्या एजंटला कमिशनची ऑफर देणं बंद झालं आणि घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार आला. नवे फॉर्म, नवं प्रशिक्षण, सभासदांच्या शंका, सगळं एका माणसाने कसं निभावायचं?

आता जातं काय, तर गावच्या सिटी कौन्सिलमधला आपला आवाज. विक्रीआधी घराची तपासणी सक्तीची करणारा ठराव कौन्सिलपुढे येतो, तेव्हा कुणीतरी उठून सांगावं लागतं की निरीक्षक कमी पडले तर क्लोजिंग, म्हणजे व्यवहार पुरा होणं, आठवडेच्या आठवडे लांबेल. मोठ्या असोसिएशनकडे या कामाला पूर्णवेळ माणूस असतो, पण त्याच्या वाट्याला कितीतरी गावं असतात. तुमच्या गावची बैठक त्याच्या यादीत राहील याची हमी तोंडी घेऊ नका.

संचालक मंडळावर तुमच्या भागाची जागा मागा आणि ती किती वर्षं टिकेल हे नव्या उपविधीतच लिहून घ्या. इमारत आणि राखीव निधी तुमच्या सभासदांच्या वर्गणीतून उभा राहिलाय. तो निदान काही काळ तुमच्याच भागात वापरला जावा, हे करारात हवं. समोरच्यांचे लेखापरीक्षित हिशेबही मागवा, कारण मोठी असोसिएशन भक्कम असतेच असं नाही. मसुदा हाती आला की आधी राखीव निधीचं कलम वाचा आणि इथे टाका, आपण मिळून पाहू.